दशरथ आत, राम बाहेर

देगलूरच्या माणसाला एकच नाव असतं असं ज्याला वाटतं, त्याने देगलूर पाहिलेलं नाही. पाळण्यात एक नाव ठेवतात. त्या नावाने घरात कोणी हाक मारत नाही, कारण ते आजोबांचं असतं आणि आजोबांना अरे-तुरे कसं करायचं, म्हणून दुसरं एक निघतं. शाळेत घालताना गुरुजी आपल्या सोयीने तिसरं लिहितात. सातबाऱ्यावर चौथं असतं. आधारकार्डावर मराठीतून इंग्रजीत गेलेलं आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत परत आलेलं पाचवं असतं. ते वाचून माणूस शेजारच्याला विचारतो, "बघ रे, हे मीच का?"

त्यातून गाव सीमेवरचं. हैदराबादच्या रस्त्याला लागलं की मदनूर येतं आणि तेलंगणा सुरू होतो. बिदरच्या बाजूला कर्नाटक. १९४८ पर्यंत सगळेच निजामाच्या राज्यात, त्यामुळे जुन्या कागदांत आमच्या आज्या-पणज्यांची नावं उर्दूत. गावात पाटील, देशमुख, कदम आहेत. तेलुगू बोलणारे अमुकवार आणि तमुकवार आहेत. कन्नड वळणाचे शिवलिंगप्पा आहेत, मल्लिकार्जुनअप्पा आहेत. दख्खनी बोलणारे शेख आणि सय्यद आहेत. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून नुसतं "अप्पा" म्हणा, निम्मी गल्ली दारात येते. इतकी नावं इतक्या लिप्यांत पिढ्यान् पिढ्या नांदली, कोणी कोणाला "हे नाव चालणार नाही" म्हणालं नाही.

मग गावात यूजरनेम आलं.

आलं ते आमच्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने. हल्ली पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक बॅचला मेळाव्याचा झटका येतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख ठरायच्या आधी जेवणातली गोड वस्तू ठरली होती. दुसऱ्या दिवशी होट्टलची देवळं बघायला जायचं हेही ठरलं, कारण ती जवळ असूनही आमच्यातल्या निम्म्या लोकांनी चालुक्यांच्या काळातलं ते कोरीवकाम फक्त दुसऱ्यांच्या स्टेटसवर पाहिलेलं. राहिली नावनोंदणी. एकाने गूगल फॉर्म सुचवला. त्यावर बँकेतून निवृत्त झालेला आमचा मित्र कडाडला, "गूगल फॉर्म आपल्या मागच्या बॅचनं केला होता. आपली वेबसाइट पाहिजे. लॉगिन पाहिजे. पासवर्ड पाहिजे."

आता, माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे हे मी गावात बरीच वर्षं सांगत आलो आहे. तो तिथे नक्की काय करतो हे मला कधीच कळलेलं नाही. "मोठ्या कंपनीत आहे" म्हणायचं आणि चहाचा घोट घ्यायचा, ही माझी पद्धत. म्हणजे पुढचा प्रश्न येईपर्यंत तोंड भरलेलं राहतं. पण ग्रुपवर सगळ्यांना माझा भाचा आठवला आणि घोट घ्यायला सवडच मिळाली नाही.

भाचा दिवाळीला आला तेव्हा बसस्टँडसमोरच्या हॉटेलात कार्यकारिणी बसली. भाच्याने लॅपटॉप उघडला आणि सांगितलं की वेबसाइट तो जँगोमध्ये करतो आहे. जँगो म्हणजे वेबसाइट उभी करायची तयार चौकट. पायथॉन भाषेत लिहिलेली. स्पेलिंगमध्ये पहिला 'डी' आहे, पण तो म्हणायचा नाही. जँगो हे एका गिटारवाल्याचं नाव, आणि तेही टोपणनाव. त्याचं कागदोपत्री नाव ज्याँ रेनहार्ट. पायथॉन हे नावही सापावरून आलेलं नाही, इंग्लंडातल्या एका विनोदी मंडळीवरून आलंय. एवढं ऐकून आम्हाला धीर आला. जी माणसं टोपणनावाने चौकट उभी करतात आणि विनोदवाल्यांच्या नावाने भाषा चालवतात, ती नावाच्या बाबतीत आपल्यासारखीच मोकळी असणार, असं वाटलं.

"आधी यूजरनेमचे नियम ठरवू, मामा," भाचा म्हणाला. "व्हॅलिडेशन लावावं लागतं."

"मंजे?"

"समोरचा माणूस रकान्यात काय भरेल ते सांगता येत नाही. म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आधी तपासायचं, मगच आत घ्यायचं."

आमचा किराणावाला मित्र खुर्चीत सावरून बसला. "मंजे उधारीच की. ह्ये आधी सांगायचं ना. मी करतो व्हॅलिडेशन."

मग नियमांचा पाऊस पडला. बँकवाला म्हणाला, किमान आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक चिन्ह. तो पासवर्ड आहे असं भाच्याने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग तर दोन्हीला ठेव." किराणावाला म्हणाला, ज्याने वर्गणी भरली नाही त्याचं नाव घ्यायचंच नाही. निवृत्त तलाठी म्हणाला, "वडिलांचं नाव आलंच पाहिजे. नाहीतर वारस कसा लागणार?" त्यावर ग्रुपमधल्या एका बाईंनी लगेच टाकलं की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारने आईचं नाव सक्तीचं केलंय, आधी आई मग वडील. तलाठी म्हणाला, "आपण त्याच्या लई आधी जन्मलो, बाई." बाई म्हणाल्या, "म्हणूनच असे झालात."

भाचा शहाणा. त्याने सगळं लिहून घेतलं आणि काहीच वापरलं नाही. पहिल्या फेरीत त्याने साधा नियम लावला. फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, आणि @ . + - _ ही पाच चिन्हं. जास्तीत जास्त लांबी १५०. पूर्वी जँगोत ती ३० होती, २०१६ साली वाढवली म्हणे. "१५० बस्स आहे ना मामा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आपल्याकडं नुसत्या पदव्यांनाच तेवढे लागतात."

लिंक ग्रुपवर पडली आणि रात्री नऊपासून माझा फोन वाजायला लागला.

पहिला फोन पाटलाचा. "तुझी वेबसाइट मनलालीय, ह्ये नाव आधीच घेतलंय. कोणी घेतलं?"

"दुसऱ्या पाटलानं घेतलं असंल."

"दुसरा पाटील? गावात पाटील किती हायेत ते मला सांगतोस?"

खरं म्हणजे तो प्रश्न अवघड होता. आमच्या एका वर्गातच पाटलांचा एक अख्खा बाक होता. पण भाच्याने वापरलेली जँगो जरा जुनी निघाली आणि तिच्यात मोठ्या लिपीतला 'पी' वेगळा, लहान लिपीतला 'पी' वेगळा. २०२३ सालच्या आवृत्तीपासून जँगोच्या तयार नोंदणी-फॉर्मने नुसत्या लिपीच्या फरकाने दोन माणसं करायचं बंद केलंय. आमचा त्याच्या आधीचा कारभार. त्यामुळे फोन करणाऱ्या पाटलाच्या मोबाइलने पुढच्या खेपेला आपोआप पहिलं अक्षर मोठं केलं आणि तो सुखाने आत गेला. सकाळी यादी झळकली. एक लहान 'पी'चा पाटील, एक मोठ्या 'पी'चा. लहान 'पी'वाला थोरल्या पातीचा. त्याने मला बाजारात गाठून विचारलं, "हे मोठं-लहान कोणी ठरवलं? तुझ्या भाच्यानं? त्याला आमच्या घराण्याची काय माहिती?" मराठीला कॅपिटल अक्षरं नाहीत याचं महत्त्व मला त्या दिवशी पटलं. असती तर मराठवाड्यात निम्मे खटले त्यावरच चालले असते.

दुसरी भानगड 'ॲडमिन'ची. हे नाव भाच्याने राखून ठेवलं होतं. सगळेच राखून ठेवतात, नाहीतर कोणीतरी ॲडमिन बनून लोकांना गंडवतं. पण व्हॉट्सॲप आल्यापासून ॲडमिन ही आमच्याकडे सरपंचाच्या खालोखालची पदवी झालेली आहे. त्यामुळे आठ-दहा जणांनी एकाच रात्री ॲडमिन व्हायचा प्रयत्न केला. 'ॲडमिन१', 'ॲडमिनसाहेब', 'खराॲडमिन' अशी नावं आली. एकाने 'रूट' हे नाव घेतलं. ते ॲडमिनच्याही वरचं असतं हे कळून त्याने घेतलं, की त्याला नांदेडच्या बसचा रूट म्हणायचा होता, ते अजून कळलेलं नाही.

गावाचं नावही अडलं. 'देगलूरकर' हे यूजरनेम कोणी घ्यावं? आडनावात गाव येतं ते गाव सोडल्यावर. वारकरी संप्रदायात नाव काढलेले धुंडामहाराज देगलूरकर, मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर, ही नावं महाराष्ट्र ओळखतो. गावात राहणारा माणूस स्वतःला देगलूरकर म्हणवून घेईल तर लोक विचारतील, "मग आम्ही कोण?" पण बॅचमधले पुण्याला गेलेले, हैदराबादला गेलेले, ठाण्यात स्थायिक झालेले सगळे त्या एका नावावर तुटून पडले. स्पेलिंग दोन असल्यामुळे, एक 'यू'चं आणि एक डबल 'ओ'चं, दोघांची सोय झाली. बाकीचे गावाचं नाव कोणाचं यावर रात्री दोनपर्यंत ग्रुपवर होते. त्यातल्या एकालाही मेळाव्याला यायला रजा मिळणार नव्हती.

बायकांचा प्रश्न मात्र खरा होता. आमच्याकडे लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. त्या फॉर्मला व्हॅलिडेशन नाही आणि पुसायची सोयही नाही. एक वर्गमैत्रीण फोनवर म्हणाली, "हजेरीत माझं एक नाव, ताटात दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. कुठलं टाकू?" मी म्हटलं, "जे आवडतं ते टाक." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "हे आतापर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी तिने ज्या नावाने नोंदणी केली ते तिन्हींपैकी नव्हतं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं असं म्हणायचं. पण ग्रुपवर एक कीर्तनकार मित्र आहे. त्याने सकाळच्या सुविचाराच्या जागी टाकलं, "मराठी शाळेच्या पोरांचा मेळावा आणि नाव इंग्रजीत? ३ ऑक्टोबर २०२४ ला भाषेला अभिजात दर्जा मिळाला, तो कशाला मग?" खाली चाळीस अंगठे उमटले. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे मामा. जँगोत युनिकोडवाला तपासनीस तयारच आहे, जगातल्या सगळ्या लिप्या घेतो." त्याने पाच मिनिटांत तो लावला आणि स्वतःच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, नाव टाकून चाचणी केली. 'कमल'. झालं पास. त्याने काम संपल्याचं कळवलं.

संध्याकाळी हणमंत नावाच्या माणसाचा फोन आला. आमच्या भागात हणमंत नसलेली बॅच सापडणार नाही. म्हणाला, "माझं नाव घेईना झालंय. फक्त अक्षरं, अंक आणि अमुक चिन्हं चालतील मनलालंय. मी काय भूमितीची आकृती टाकलालो का?"

त्याच्या पाठोपाठ सगळे आले. विठ्ठल नाही. गोविंद नाही. मारुती नाही. बालाजी नाही, आणि बालाजी चालत नाही म्हटल्यावर तेलुगू गल्लीत खळबळ. बबन चालला. शरद चालला. गणपत, अजय, उदय, छगन हेही बिनविरोध. सगळ्या पाटलांना बाहेर काढलं आणि कदमांना सन्मानाने आत घेतलं. लहान 'पी' आणि मोठ्या 'पी'ची पहिल्यांदाच एकी झाली.

हे गौडबंगाल कीर्तनकाराने सोडवलं. तो रात्री लॅपटॉपसमोर बसून एकेक नाव विचारत होता आणि मी ते टाकून निकाल मोठ्याने वाचत होतो.

"दशरथ?"

"आत."

"भरत?"

"आत."

"राम?"

"बाहेर."

"लक्ष्मण? सीता?"

"दोघंही बाहेर."

तो टाळ ठेवावेत तसे हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "अरे, हे तर रामायणच लागलंय. दशरथ-भरत महालात, ते तिघं वनवासात. ही तुझ्या भाच्याची वेबसाइट हाय का कैकेयीची?"

"कैकेयी पण बाहेर. मंथरा पण बाहेर."

"आणि रावण?"

"काना आहे. बाहेर."

"मग तेवढं बरं हाय."

म्हणजे दोष होता काना-मात्रा-वेलांटीचा. भाच्याने दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. युनिकोडमध्ये प्रत्येक खुणेला जात दिलेली आहे. 'क' हे अक्षर. पण त्याला लागलेली वेलांटी ही अक्षर नाही, ती 'खूण' या वेगळ्या वर्गात. उकार, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्त चिन्ह, सगळे त्याच वर्गात. आणि जँगोचा तपासनीस पायथॉनला जे विचारतो, ते 'बॅकस्लॅश डब्ल्यू' या दोन खुणांत विचारतो. म्हणजे, हे शब्दात येणारं अक्षर आहे का? पायथॉन प्रामाणिकपणे सांगतो, वेलांटी अक्षर नाही. झालं. @ चालतो, अधिकचं चिन्ह चालतं, पण काना चालत नाही. बाराखडीतलं फक्त पहिलं घर त्याला येतं. 'क' येतो, पुढचं सगळं गाळलेलं. असं आमच्या गुरुजींसमोर म्हटलं असतं तर पट्टी मोडली असती.

स्वर मात्र स्वतंत्र उभे असले तर चालतात. त्यामुळे 'आई' पास झाली आणि 'बाबा' नापास. मामा नापास, काका नापास. आईच्या नावाचा मुद्दा काढणाऱ्या बाईंनी याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपला डीपी ठेवला. तलाठ्याने ग्रुप सोडला. रात्री परत आला.

परत आल्यावर त्याने आपल्या खात्याच्या शिस्तीने अख्ख्या जिल्ह्याची पाहणी केली. नांदेड जिल्ह्यात तालुके १६. देगलूर, बिलोली, मुखेड, कंधार, लोहा, भोकर, उमरी, किनवट, माहूर, हदगाव, सगळे टाकून पाहिले. सोळाच्या सोळा नापास. मग शेजारच्या लातूरचे दहा घेतले. औसा जरा पास होईल असं वाटलं, पण 'सा'ला काना निघाला. दहाही गेले. तलाठी म्हणाला, "महसुली आणेवारीत असा निकाल कधी बघितला नाही. दोन जिल्हे पूर्ण बाधित."

"ही तक्रार कोणी केली नाही का?" मी भाच्याला विचारलं.

"केली आहे ना. २००७ सालीच पायथॉनवाल्यांकडे नोंदवलेली आहे."

"मग?"

"प्रलंबित."

तलाठ्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "हौ? मग व्यवस्थित चाललंय."

आणि हे सगळ्या भाषांत असंच आहे असंही नाही. पर्ल नावाच्या जुन्या भाषेला वेलांटी कळते. पीएचपीतली लाराव्हेल नावाची चौकट आहे, तिच्यातला अक्षरं तपासायचा नियम खुणांनाही अक्षरांबरोबर बसवून घेतो. खुद्द युनिकोडवाल्यांनीच लिहून ठेवलंय की शब्द मोजताना खुणा धरा. पायथॉनने तेवढं ऐकलेलं नाही. भाच्याने आमची समजूत घालायला बाहेरच्या गोष्टी सांगितल्या. इंग्लंडात स्कनथॉर्प नावाचं गाव आहे. त्या नावाच्या पोटात इंग्रजीतली एक चार अक्षरी शिवी दडलेली. १९९६ साली अमेरिका ऑनलाइनने शिव्या गाळायची चाळणी लावली आणि अख्ख्या गावाला खाती उघडता येईनात. हवाई बेटांवर एका बाईचं आडनाव एवढं लांब की वाहन परवान्यावरच्या ३५ खुणांच्या जागेत मावेना. २०१३ साली तिने आवाज उठवला तेव्हा सरकारने जागा वाढवली. किराणावाल्याला यातलं फक्त गावाचं पटलं. "शिवी असलेली गावं आपल्याकडंबी हायेत," तो म्हणाला आणि दोन नावं घेतली. ती इथे देत नाही, तिथे माझे पाहुणे आहेत.

या सगळ्या गोंधळात आमचा एक सय्यद मित्र कोपऱ्यात शांतपणे भजी खात होता. त्याला विचारलं, "तुझं नाव झालं का?"

"कबका हो गया. पहले फटके में."

"कसं काय?"

त्याने उर्दूत टाकलं होतं. "हमारे में ज़ेर-ज़बर लिखतेइच नई. जिसको पढ़ने का है, उनो समझ लेते." भाच्याने तपासलं तर खरंच. उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा लिहायची पद्धत नाही, नुसती अक्षरं, त्यामुळे पायथॉनला काहीच खटकत नाही. अमुकवारने लगेच तेलुगूत प्रयत्न केला. नापास. अप्पाने कन्नडमध्ये केला. नापास. तलाठ्याने चष्मा पुसत सांगितलं की आपल्या आजोबांचं नाव जुन्या उर्दू कागदात आहे, ते तो आता शोधून काढणार आणि त्याच नावाने आत जाणार. वारसाहक्काने.

शेवटी भाच्याने पुण्याला परत जायच्या गाडीत बसून एक ओळ लिहिली. देवनागरीला युनिकोडमध्ये १२८ जागांचा पट्टा दिलेला आहे, तो अख्खा पट्टाच त्याने नियमात घातला. तेलुगू आणि कन्नडचे पट्टेही घातले. ते दोन्ही तक्त्यात अगदी एकाला एक लागून आहेत, देवनागरी बरीच अलीकडे. म्हणजे युनिकोडवाल्यांनीही सीमाप्रश्न काढून ठेवलेलाच आहे.

राम आत आला. लक्ष्मण आला, सीता आली. पण पट्टा अख्खा घेतला म्हणजे त्यात नको तेही आलं. पूर्णविरामाचा दंड त्यात आहे, दोन दंडही आहेत. हे कळायला आमच्या लोकांना एक रात्रही लागली नाही. सकाळी यादी पाहतो तर प्रत्येक नाव लग्नपत्रिकेतून उतरलेलं. '॥श्री॥पाटील', त्याच्या खाली '॥ॐश्री॥पाटील', त्याच्या खाली '॥ॐश्री॥ॐश्री॥पाटील'. घराण्यातली पात आता दंडांवर मोजली जाऊ लागली. भाच्याने लांबी कमी करायची धमकी दिली, तेव्हा मल्लिकार्जुनअप्पा हादरले. त्यांच्या नुसत्या पहिल्या नावात आपण मोजली तर अक्षरं पाच, पण संगणक काना, उकार, पाय सगळे सुटे मोजून ती बारा करतो. नुसतं 'श्री' म्हटलं तरी त्याच्या हिशेबाने चार. किराणावाल्याला हा हिशेब फार आवडला. वजनकाट्याला असं काही लावता येईल का, असं त्याने भाच्याला बाजूला घेऊन विचारलं.

एक कऱ्हाळे तेवढे अडले. त्यांचा 'ऱ्हा' भावाच्या मोबाइलवर टाईप केला की चालायचा, त्यांच्या मोबाइलवर चालायचा नाही. दिसायला दोन्ही सारखेच. भाच्याने सांगितलं, त्यांचा कीबोर्ड मध्ये एक न दिसणारी खूण घालतो. रुंदी शून्य. ती आमच्या पट्ट्यात बसत नाही. कऱ्हाळे म्हणाले, "जे दिसतंच नाही ते काढू कसं?" त्यांनी भावाच्याच मोबाइलवरून नोंदणी केली आणि ओटीपी भावाला गेला. भाऊ-भाऊ गेली काही वर्षं बोलत नव्हते. ओटीपीपुरते बोलले.

यूजरनेमचं असं मार्गी लागल्यावर खालचा रकाना आला. पासवर्ड. इथे मात्र जँगोने मन मोठं केलं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, मधली जागा, काहीही चालेल म्हणाला. जे नाव गावासमोर मिरवायचं त्यात वेलांटी नको आणि जे कोणाला दाखवायचं नाही त्यात हवी तेवढी, हे कीर्तनकाराला फार खोल वाटलं. त्याने ते कीर्तनात घेतलं म्हणे. बँकवाल्याने आपल्या सवयीने एक ते आठ आकडे ओळीने टाकले. जँगोकडे फार वापरल्या जाणाऱ्या २० हजार पासवर्डांची यादी असते, तीत तो सापडला. संदेश आला की हा पासवर्ड अतिशय सामान्य आहे. बँकवाला दोन दिवस कोणाशी बोलला नाही. "सामान्य? शाखाधिकारी होतो मी," एवढंच घरात म्हणाल्याचं कळलं.

किराणावाला त्या मानाने व्यवहारी. नावाच्या वेळी 'आधीच घेतलेलं आहे' या एका वाक्याने लोकांची कशी धांदल उडाली ते त्याने पाहिलं होतं. यावेळी त्याने आधीच खबरदारी घेतली. रात्री साडेअकराला ग्रुपवर त्याचा संदेश आला, सगळ्यांना उद्देशून, शेवटी हात जोडलेले:

"माझा पासवर्ड देगलूर१२३ हा पास झालेला आहे. तरी कृपया तो दुसऱ्या कोणी घेऊ नये."

खाली लहान 'पी'च्या पाटलाने लिहिलं, "आधी सांगायचं ना बे. मी दुपारीच घेतला."